बॅकअप उघडत नाही तेव्हा

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगा कोल्हापुरातल्या घरांत शिरली, तेव्हापासून आम्ही पालकांना बॅकअप घ्यायला सांगतो. आता वेगळीच तक्रार येते: "सर, डिस्क शाबूत आहे, पण बॅकअपची फाइल उघडत नाही. निकाहचे फोटो गेले!"

बहुधा गेलेले नसतात. फक्त 'फॉरमॅट करू का?' असे कॉम्प्युटरने विचारले, तर 'नाही' म्हणा. विंडोज १० ने घेतलेली इमेज व्हीएचडीएक्स प्रकारची असते. जुन्या विंडोज ७ ला ती कळतच नाही. नव्या कॉम्प्युटरवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अटॅच व्हीएचडी' निवडा, 'रीड-ओन्ली'वर खूण करा. दुकानात डिस्क देण्याआधी फाइलची प्रत घरी ठेवा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल, तर ६४ जीबीचा असूनही ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही.