नावाला भुलू नका, तोंडं मोजा!

मुलांनो, दोन इंजिनांचं नाव एकच असेल, तर ती दोन्ही सारखीच असतील का? उत्तर द्यायची घाई करू नका. आधी थोडी गंमत पाहू.

१९७२ साली लुना आली आणि त्याच साली चेतक स्कूटरही आली. आपल्या लातूरच्या गंजगोलाईत या दोघींनी किती वर्षं धूर सोडला, ते आजोबांना विचारा! या जुन्या गाड्यांची इंजिनं टू-स्ट्रोक. त्यांच्या सिलिंडरच्या भिंतीलाच भोक असतं. पिस्टन खाली गेला की भोक उघडतं आणि धूर बाहेर पडतो. पिस्टन वर आला की तोच भोक झाकतो. उघडझाप करायला वेगळा व्हॉल्व्ह नाही. अशा भोकाला मेकॅनिक ‘पोर्ट’ म्हणतात.

पण ज्यात पिस्टनसुद्धा नाही, असंही एक इंजिन आहे. त्याचं नाव रोटरी इंजिन. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून ते निघालं आणि १९५७ साली पहिल्यांदा चाललं. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग उभी चिरा. मध्ये किंचित चेपलेला तो आकार म्हणजे या इंजिनाची पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो. हा रोटर. फिरता फिरता तोच पोर्ट उघडतो आणि झाकतो.

हवा आत घेणारं तोंड ठेवायचं कुठे? १९६७ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीने आरओ ८० या गाडीत ते शेंगेच्या घेरात ठेवलं. त्याच वर्षी जपानच्या माझदाने कॉस्मो स्पोर्टमध्ये ते बाजूच्या सपाट पाटीत ठेवलं. घेरातलं तोंड जोरात धावताना भरपूर हवा देतं, पण सावकाश चालताना जळलेला धूर ताज्या हवेत मिसळतो आणि इंजिन अडखळतं. १९९१ साली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मध्ये तोंड घेरातच होतं. शर्यतीत सावकाश कोण चालतं?

आता ओळखायचं कसं ते शिकू. माझदाच्या दोन रोटरच्या इंजिनाला भाकरीच्या चवडीसारखे पाच थर असतात : पुढची पाटी, रोटरचं घर, मधली पाटी, दुसऱ्या रोटरचं घर आणि मागची पाटी. हवेची नळकांडी, म्हणजे मॅनिफोल्ड, काढली की पाट्यांवरची तोंडं दिसतात.

पुढे १, मध्ये २, मागे १ : हे चार पोर्टचं इंजिन.
पुढे २, मध्ये २, मागे २ : हे सहा पोर्टचं.

जास्तीची दोन तोंडं कशाला? जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजाला छोटी दिंडी असते ना? रोजच्या ये-जा करण्याला दिंडी पुरते. बैलगाडी आली की मोठा दरवाजा उघडतात. तसंच इथे. इंजिन सावकाश चालताना थोडीच हवा लागते. ती अरुंद वाटेने वेगात आली, तर पेट्रोल चांगलं मिसळतं. वेग वाढला की जास्तीची तोंडं उघडतात. १९८४ च्या आरएक्स-७ मध्ये धुराच्या दाबाने एक नळी फिरे आणि ही तोंडं उघडत. नळी बंदच अडकली तर गाडी वेगात दमते. उघडीच राहिली तर सावकाश चालताना जोर कमी पडतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. माझदाने ‘१३बी’ हे नाव चार पोर्टच्या इंजिनालाही दिलं आणि सहा पोर्टच्याही! नुसतं नाव वाचून सामान मागवलं तर पैसे वाया, कारण चार तोंडांचं मॅनिफोल्ड सहा तोंडांवर बसत नाही. शिवाय जुन्या गाडीचं इंजिन कुणी मधेच बदललेलंही असतं. म्हणून शहाणा मेकॅनिक नाव वाचतो, पण विश्वास ठेवतो तो डोळ्यांवर.

करून पाहा : ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे टू-स्ट्रोकचं जुनं, सुटं सिलिंडर असेल तर मागून घ्या. आत किती भोकं आहेत ते मोजा आणि वहीत त्यांचं चित्र काढा. कडांना धार असते, बोटं जपा.

डोकं चालवा : १९९० साली माझदाने तीन रोटरच्या इंजिनाची गाडी काढली. प्रत्येक रोटरला हवेची दोन तोंडं. एकूण किती झाली? मग नुसती तोंडं मोजून इंजिन ओळखता येईल का? आणखी काय मोजावं लागेल?