वीस गुणांची सवलत आणि फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला तो प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. शिक्षकांनी एक उदाहरण सोडवण्यासाठी विद्यार्थी भीमरावांना फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात गलका उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे हलवले, तेव्हा कुठे भीमरावांना फळ्याला हात लावता आला. दर चौदा एप्रिलला आपण हा प्रसंग भाषणात सांगतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. भीमराव फळ्यापर्यंत उदाहरण सोडवायला गेले होते, हे मात्र विसरतो.

आज फळ्यामागे कोणाचे डबे नाहीत. तरी मेहरूणमधल्या आमच्या वस्तीतली किती मुले फळ्यापर्यंत पोहोचतात?

२०२४ साली राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद आली. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण मिळाले, तर विद्यार्थ्याला अकरावीला जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा बसेल की गणित-विज्ञानावर आधारित पुढचे शिक्षण त्याला घेता येणार नाही. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, ‘विद्यार्थ्यांना दिलासा’. आपल्याही काही कार्यकर्त्यांनी ती आनंदाने पुढे पाठवली.

त्यांचा मुद्दा आम्ही नाकारत नाही. गणितात नापास झाला म्हणून शाळा सुटली, आणि शाळा सुटली म्हणून एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात लागला, अशी मुले आम्ही मोजून दाखवू शकतो. एका विषयासाठी मुलाचे सगळे शिक्षण थांबू नये, हे बरोबरच आहे. पण मग शेरा कशासाठी? एवढीच कळकळ असेल तर त्या मुलाला पुन्हा शिकवा. वर्षभर जादा तास घ्या, चांगला शिक्षक द्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याच्या कागदावर ‘हा इकडे येऊ शकत नाही’ असे लिहून ठेवणे ही कसली सवलत?

हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर बसेल, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याच्या घरी आठवीपासून क्लास लावला आहे, ज्याचा बाप स्वतः इंजिनिअर आहे, त्याच्यावर तो बसणार नाही. पिअर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. घरातून आपोआप मिळणारे ज्ञान, भाषा आणि आत्मविश्वास यांचा तो संचय. शाळा त्यालाच ‘हुशारी’ असे नाव देते. आपल्या घरात हा संचय नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो होऊ दिला नाही. मग मुलाची ‘गणिताची बुद्धी नाही’ असे ठरते. जन्मावरून कुवत ठरवणारी जुनी चाल आता गुणपत्रिकेच्या तळाशी छापून येणार.

आणखी एक धोका ओळखा. अभियांत्रिकी, तंत्रनिकेतनचा डिप्लोमा, इतकेच काय आयटीआयमधले इलेक्ट्रिशियन-फिटरसारखे ट्रेडसुद्धा दहावीचे गणित-विज्ञान मागतात. तिथे आपल्या राखीव जागा आहेत. शेरा बसलेला मुलगा त्या जागेच्या रांगेतच उभा राहू शकणार नाही. आरक्षण कागदावर तसेच राहील आणि उद्या सांगतील, ‘योग्य उमेदवार मिळाले नाहीत.’ हे वाक्य आपण याआधी ऐकलेले आहे.

शासनाशी भांडण चालूच राहील. पण यंदा दहावीला बसणारी मुले त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाहीत. म्हणून आम्ही विहारात संध्याकाळी एक साधे काम सुरू केले. मूल अडलेल्या उदाहरणाचा फोटो पाठवते आणि पुणे, मुंबई, बंगळूरला नोकरी करणारे आपलेच कोणी दादा-ताई रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला शिकवतात. फी नाही. विषय दोनच, बीजगणित आणि त्रिकोणमिती, कारण मुले सगळ्यात जास्त तिथेच अडतात.

या कामात आमच्याही चुका झाल्या. त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख म्हणजे स्वतःची जाहिरात होईल.

सुरुवातीला स्वयंसेवक उत्तरे पाठवत असत. मुलाने फोटो टाकला की पाच मिनिटांत सुवाच्य अक्षरात पूर्ण उदाहरण सोडवून हजर. मुले खूश, दादाही खूश. चाचणी घेतली तेव्हा तीच उदाहरणे, फक्त आकडे बदललेली, मुलांना सुटली नाहीत. आम्ही मुलांना गणित दिले नव्हते, दान दिले होते. दान घेणाऱ्याचा हात कायम खालीच राहतो, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

म्हणून नियम केला. उत्तर पाठवायचे नाही. आधी मुलाने स्वतः केलेला प्रयत्न बघायचा, चुकलेला असला तरी. आणि चूक सापडली की ती न सांगता प्रश्न विचारायचा.

एका मुलीने ‘क्ष² − ७क्ष + १२ = ०’ याचे अवयव (क्ष + ३)(क्ष + ४) असे पाडले. ताईने ‘चूक’ म्हटले नाही. म्हणाली, ‘हे दोन कंस परत गुणून बघ बरं.’ मुलीने गुणले, मधे +७क्ष आले आणि तिची तिलाच चूक दिसली. मग कळले की तिला वर्गसमीकरण अवघड नव्हतेच. ऋण संख्यांचा गुणाकार सातवीतच कच्चा राहिला होता आणि तीन वर्षांत कोणी तिची वही नीट पाहिली नव्हती.

त्रिकोणमितीचेही तसेच. पुस्तकातल्या उदाहरणात दीपगृह असते, जहाज असते. आमच्या मुलांनी समुद्रच पाहिलेला नाही, आणि घरात बोलायची भाषा अहिराणी नाहीतर तावडी. ‘उन्नत कोन’ म्हटले की पोरगा सांगतो, ‘दादा, माले समजत नही.’ मग आम्ही वस्तीतली पाण्याची टाकी घेतली. टाकीपासून ३० मीटरवर जमिनीशी डोळा लावून तिच्या टोकाकडे पाहिले आणि वर बघण्याचा कोन ३० अंश आला, तर टाकी किती उंच? एका मुलाने ३० ला √३ ने गुणले आणि ५२ मीटर उत्तर काढले. दादाने विचारले, ‘एक मजला साधारण तीन मीटरचा धर. आपली टाकी सतरा मजली आहे का रे?’ मुलगा हसला, आकृती पुन्हा काढली, ‘समोरची बाजू भागिले लगतची बाजू’ असे टॅनचे गुणोत्तर मांडले आणि ३० ला √३ ने भागून साधारण १७.३ मीटर उत्तर आणले. उत्तर खरे वाटते की नाही, हे स्वतः तपासायला तो शिकला. कोणी सांगितले म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही बुद्धाचीच शिकवण आहे. विहारात गणित शिकवणे आम्हाला म्हणूनच परके वाटत नाही.

काही जण विचारतात, मोबाईलवर सगळे फुकट आहे, मग माणूस कशाला? बालभारतीची पुस्तके ऑनलाइन आहेत, दीक्षा ॲप आहे, मराठीत व्हिडिओ आहेत. आहेत, आणि आम्ही ते वापरतोही. पण व्हिडिओ मुलाची वही बघत नाही. ऋण चिन्ह कुठे सुटले हे त्याला कळत नाही. आणि फोन तरी कोणाच्या हातात असतो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेट होते, ग्रामीण भागात १५ टक्के. त्यानंतर दोनच वर्षांत कोरोना आला आणि ‘शाळा ऑनलाइन’ झाली. आज फोन घरोघरी दिसतो, पण घरात एकच, आणि बाप रात्रपाळीला गेला की तोही त्याच्यासोबत जातो. म्हणून विहारात दोन जुने फोन आणि एक टेबल ठेवले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती शिकणाऱ्याची वेळ पाहून. शिकवणाऱ्याची सोय नंतर.

आता बोलायचे आहे ते आपल्यातल्या शिकलेल्यांशी. बाबासाहेबांना शिकलेल्या वर्गाने निराश केले, हे आपण भाषणात ठासून सांगतो. हा वर्ग म्हणजे कोणीतरी दुसरा, असेच प्रत्येकाला वाटते. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या बंगल्यावर, जिथे बाबासाहेब १९३७ साली मुक्कामाला होते, खान्देशभरातून माणसे येतात. त्यात इंजिनिअर असतात, बँकेतले असतात, शिक्षक असतात. अभिवादन करा, जरूर करा. पण परत जाताना एका मुलाचे गणित अंगावर घ्या. आठवड्यातले दोन तास. वर्षाला एकदा वह्या वाटून फोटो काढण्यापेक्षा हे कठीण आहे, कारण इथे फोटो निघत नाही आणि दर आठवड्याला यावे लागते. आमच्याकडे उत्साहाने नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण दिवाळीनंतर फिरकले नाहीत. मूल मात्र रात्री नऊ वाजता फोन धरून बसलेले असते. एकदा फसलेले मूल दुसऱ्या दादावर लवकर विश्वास ठेवत नाही. यायचे नसेल तर नाव देऊ नका, ही विनंती आहे.

आणि दार सगळ्यांना उघडे ठेवा. मेहरूण-तांबापुऱ्यात उर्दू माध्यमाची मुले आहेत, मजुरीसाठी आलेल्या आदिवासी घरांतली मुले आहेत. शेरा त्यांच्याही कागदावर बसणार आहे. समीकरण उर्दूतही तेच असते.

शासनाला याने सूट मिळत नाही. आमचे दोन फोन म्हणजे शाळा नव्हे. गणिताचा शिक्षक प्रत्येक शाळेत असणे, मागे पडलेल्या मुलाला शाळेच्या वेळेतच जादा तास मिळणे, हा हक्क आहे. तो शेरा रद्द करा आणि त्याजागी शिकवण्याची जबाबदारी लिहा, ही मागणी प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक संघटनेच्या निवेदनात गेली पाहिजे. ‘शिका’ हा त्या तीन शब्दांतला पहिला शब्द आहे. तो फलकावर लिहून झाला असेल, तर आता कोणाच्या तरी वहीत उतरवू या.

यंदा परीक्षा मार्चच्या आसपास. मधे फार आठवडे नाहीत. एक मूल निवडा आणि आज रात्री त्याला पहिला प्रश्न विचारा : ‘कुठे अडलं, दाखव.’

जय भीम! जय संविधान!