रेडची नोंद डिस्कच्या कोणत्या टोकाला?

रांजणगाव एमआयडीसीतला छोटा कारखाना, शिरूरचा फोटो स्टुडिओ किंवा दौंडची पतसंस्था यांना लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची सोय, परवडतो, कारण त्याला वेगळं कार्ड लागत नाही. अ‍ॅरेचा (जोडलेल्या डिस्कच्या संचाचा) ओळख क्रमांक, ही डिस्क कितवी आणि बदलांची मोजणी हे सगळं डिस्कवरच्याच 'सुपरब्लॉक'मध्ये असतं. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून जुळवता येतात. मध्येच केबल सुटून एखादी डिस्क मागे पडली, तर या मोजणीवरून ती ओळखू येते.

वाद आहे तो ही नोंद ठेवण्याच्या जागेचा. नोंदीच्या रचनेची १.० आवृत्ती ती डिस्कच्या शेवटाजवळ ठेवते, १.१ अगदी सुरुवातीला, तर आज रेड उभारणारी 'एमडीएडीएम' ही आज्ञा आपणहून निवडते ती १.२ सुरुवातीपासून ४ केबीवर.

शेवटाजवळच्या जागेचा फायदा खरा आहे. मिररमधली, म्हणजे एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणाऱ्या जोडीतली, एकच डिस्क काढून लावली तरी ती साध्या डिस्कसारखी उघडते. मार्चअखेरीस हिशेब अडला असताना ही मोठीच सोय. पण धोकाही तिथेच आहे. कोणी त्या डिस्कवर एखादी फाइल लिहिली तरी मोजणी जागची हलत नाही. परत जोडल्यावर रेड दोन्ही डिस्क सारख्याच मानतो आणि कधी हिची, कधी तिची माहिती वाचतो. पतसंस्थेच्या खात्यांत असा घोळ महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. १.२ मध्ये डिस्क अशी सहज उघडतच नाही. ती अडचण मला मान्य आहे.

मात्र पार्टिशन न करता अख्खी डिस्क रेडला दिली, तर दोन्ही टोकं सारखीच धोक्यात. अशी डिस्क विंडोजला लावली की 'इनिशियलाइज' करायचं का, असं विचारलं जातं. होय म्हटलं की पार्टिशनचा जीपीटी तक्ता सुरुवातीच्या सुमारे १७ केबीवर बसतो, त्याची प्रत शेवटच्या तेवढ्याच जागेवर. १.२ ची नोंद पहिल्यात सापडते, १.० ची दुसऱ्यात.

म्हणून आधी पार्टिशन करावं. डेटासाठी १.२ घ्यावी. १.० फक्त बूटच्या ईएफआय पार्टिशनला, कारण फर्मवेअरला रेड कळत नाही. आणि सर्व्हर बसवणाऱ्याने एमडीएडीएमच्या 'एक्झॅमिन' आज्ञेचं उत्तर छापून मालकाच्या फाइलीत लावावं, प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक मार्करने लिहावा.