संगणकाशी गप्पा : संगणक कोकमं का विसरला?

दोस्तांनो, समजा आईने तुम्हाला मालवणच्या बाजारात पाठवलं आणि हातात चिठ्ठी दिली : '१) दोन नारळ घे. २) आजीकडे जा, तिच्या चिठ्ठीतली कामं कर. ३) येताना कोकमं आण.' आजीची कामं उरकून तुम्ही कोकमं आणालच. पण संगणक? तो कोकमं विसरेल बरं का!

त्याचं असं आहे. विंडोजमधल्या 'कमांड प्रॉम्प्ट'च्या काळ्या खिडकीत आपण टाइप केलेला हुकूम वाचतो तो 'शेल'. नावाची फाइल 'ईएक्सई' असेल, तर ती प्रोसेसरच्या भाषेतला तयार प्रोग्रॅम असते. शेल ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतो. किल्ल्यावर गेलेली होडी परत येईपर्यंत जेटीवर थांबावं, तसा तो थांबतो आणि मग चिठ्ठीतली पुढची ओळ घेतो.

'बॅट' म्हणजे बॅच फाइल ही मात्र हुकमांची साधी चिठ्ठी. ती शेल स्वतःच ओळीओळीने वाचतो. त्यात नुसतं दुसऱ्या बॅच फाइलचं नाव आलं, की तो पहिली चिठ्ठी टाकून दुसरी हातात घेतो. दुसरी संपली, की सगळं संपलं!

असं का? जुन्या डॉसमध्ये शेल एका वेळी एकाच चिठ्ठीची खूण लक्षात ठेवी. १९८७ साली डॉस ३.३ मध्ये 'कॉल' हा हुकूम आला. दुसऱ्या फाइलच्या नावाआधी 'कॉल' लिहिलं, की शेल परत येऊन उरलेल्या ओळी पुऱ्या करतो. जुन्या फाइली बिघडू नयेत म्हणून 'कॉल'शिवायची जुनी रीत विंडोजमध्ये आजही तशीच आहे.

आता विचार करा. तुमच्या चिठ्ठीची शेवटची ओळ 'शाळेच्या प्रकल्पाची प्रत पेनड्राइव्हवर ठेव' अशी असेल आणि मध्ये 'कॉल' राहिला असेल, तर? पडद्यावर चूक दिसणार नाही. तुम्ही निर्धास्त, आणि पेनड्राइव्ह रिकामा! म्हणून काम झालं असं समजू नका, उघडून बघा.

नोटपॅडमध्ये दोन छोट्या बॅच फाइली लिहून 'कॉल'सह आणि 'कॉल'शिवाय चालवून पाहा. आणि आईबाबांनाही सांगा : कुणी अनोळखी बॅट फाइल पाठवली, तर लगेच चालवू नका. आधी नोटपॅडमध्ये उघडा. चिठ्ठीच ती, वाचता येते!