अनेकार्थतेच्या नावाखाली

विज्ञानपटाचा शेवट उमगला नाही की त्याला ‘अनेकार्थ’ ठरवून मोकळे व्हायचे, ही समीक्षेची सोयीस्कर सवय झाली आहे. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ पाहावा. १९८२ च्या आवृत्तीत नायकाचे निवेदन घुसडले गेले आणि अखेरीस त्याला नायिकेसह हिरव्यागार निसर्गात धाडण्यात आले (ती निसर्गदृश्ये कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मधून उरलेली!). १९९२ मध्ये हे दोन्ही गेले, पण एकशृंगी घोड्याचे स्वप्न आले. त्यामुळे शेवटी सापडणाऱ्या कागदी एकशृंगाला नवा अर्थ चिकटला: डेकार्ड स्वतःच कृत्रिम मानव आहे. घोटाळा येथेच आहे. मरणोन्मुख रॉय बॅटी आपली शिकार करू आलेल्याला वाचवतो, तेव्हा निर्मित जीव माणसाहून करुणामय ठरतो. चित्रपटाचा सारा आशय या विरोधावर उभा आहे. डेकार्डही निर्मितच असेल, तर उरते काय? दोन अर्थ परस्परांना समृद्ध करीत असतील तर ती अनेकार्थता. एक दुसऱ्याची मुळेच खणीत असेल तर तो निव्वळ संभ्रम होय. मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा आरोप झाला तेव्हा त्यांच्या समर्थकांना प्रतिमांची संगती उलगडून दाखवावी लागली होती. येथे दिग्दर्शकाने २००० मध्ये डेकार्ड कृत्रिम असल्याचे सांगून टाकले, तरी ‘खुल्या शेवटा’चे गोडवे चालूच आहेत.