फ्यूज मोठा करू नका, बोर्ड बदला

चैत्र यात्रेच्या आधीचे पंधरा दिवस जोतिबाच्या डोंगरावर वायरमनला जेवायला सवड नसते. वाडी रत्नागिरीत घरोघरी भाविक उतरणार असतात. पुजाऱ्यांच्या घरांत खोल्या झाडून तयार होतात, खालच्या बाजूला पेढ्यांची, गुलाल-खोबऱ्याची, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने सजतात. मी कोल्हापुरात वायरिंगची कामे घेतो आणि गेली अनेक वर्षे या दिवसांत डोंगर चढतो. वर गेल्यावर जे ऐकायला मिळते ते दरवर्षी जवळपास सारखेच असते. "मिस्त्री, लाईट सारखी उडतीया, यात्रा तोंडावर आलीया, जरा मोठा फ्यूज टाका की!"

मोठा फ्यूज टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ग्राहक खूष, मिस्त्रीही खूष. परंतु आपल्या धंद्यातील सगळ्यात मोठी चूक हीच आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ते मत पुस्तक वाचून झालेले नाही, एका नुकसानीतून झालेले आहे. ती हकीकत पुढे सांगतोच.

प्रथम एक गोष्ट व्यापारी बंधूंनी समजून घ्यावी. फ्यूज किंवा एम.सी.बी. ही गिझरच्या किंवा फ्रीजच्या रक्षणासाठी नसते. ती भिंतीत गेलेल्या वायरच्या रक्षणासाठी असते. वायरला जेवढा भार झेपतो त्याच्या आत तिने पडले पाहिजे. ती वारंवार पडते याचा अर्थ बहुधा ती आपले काम करीत आहे, असा आहे. तिला काढून मोठी बसवली तर पडायचे थांबते हे खरे. पण मग तापायचे काम वायरकडे जाते, आणि वायर भिंतीच्या आत असल्याने ते कोणाला दिसत नाही.

आपल्या घरांतले आणि दुकानांतले कितीतरी बोर्ड महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळातले आहेत. जून २००५ मध्ये त्या मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, मीटर बदलली, बिलाचा कागद बदलला. परंतु मीटरच्या पुढचा लाकडी फळीवरचा बोर्ड, लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज तसेच राहिले. पुष्कळ लोकांचा असा समज आहे की कंपनीचा माणूस येऊन नवे मीटर लावून गेला म्हणजे सगळे नवे झाले. तसे नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरच्या पुढची मालकाची.

तो बोर्ड बसवला गेला तेव्हा त्या घरात काय होते? चार बल्ब, दोन पंखे, एखादा रेडिओ किंवा टी.व्ही. सगळे मिळून दोन-तीन अँपिअर. आज डोंगरावरच्या त्याच घरात भाविकांच्या आंघोळीसाठी प्रत्येकी २००० वॅटचे दोन गिझर असतात. १५०० वॅटची शेगडी, मिक्सर ५००, डीप फ्रीजर ३००, दिवे आणि पंखे मिळून ५०० धरा. बेरीज ६८०० वॅट. २३० व्होल्टने भागले की जवळपास ३० अँपिअर होतात. ही बेरीज कोणीही व्यापारी वहीच्या पाठीमागे करू शकतो, कारण प्रत्येक वस्तूवर वॅटचा आकडा छापलेला असतो. आपण मालाचा हिशेब पैशापर्यंत ठेवतो, हा एवढा हिशेब मात्र कधीच मांडत नाही.

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुमजली घरात मला बोलावणे आले. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही गिझरांची आणि शेगडीची लाईन एकच होती, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि तीही जुनी ॲल्युमिनियमची. तिच्यावर कोणीतरी १६ अँपिअरची एम.सी.बी. लावली होती व ती सारखी पडत होती. ती पडणारच, कारण तिघांचा मिळून भार २४ अँपिअर होत होता. मला हे कळत होते. मी घरमालकाला म्हणालो, "मामा, लाईन वेगळी ओढू या, बोर्ड बदलू या." ते म्हणाले, "आता कुठं मिस्त्री? परवा पावणं येणार. यात्रा होऊ द्या, मग बघू." मी ३२ ची एम.सी.बी. लावली, मजुरी घेतली आणि खाली उतरलो.

यात्रेच्या आदल्या रात्री जिन्याखालच्या जोडावर वायर पेटली. ३२ च्या एम.सी.बी.ला २४ अँपिअर म्हणजे काहीच नाही, ती शांत बसून राहिली. जिन्याखाली एका बांगडीवाल्या चाचांचा भाड्याचा गाळा होता. माणसाला इजा झाली नाही, अल्लाहचे शुक्र. पण पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिकच्या बांगड्या आणि उधारीवर आणलेला माल काळा झाला. ज्या दोन दिवसांवर चाचांचे अर्धे वर्ष चालते ते दोन दिवस त्यांनी राख झाडण्यात घालवले. घरमालकाने मला बोल लावला नाही, चाचांनीही लावला नाही. त्यांना वाटले, लाईट आहे, होते कधी कधी असे. ती "लाईट" नव्हती, माझ्या हाताने लावलेली एम.सी.बी. होती. हे मी चाचांना नंतर सांगितले. नवा बोर्ड आणि नवी लाईन मी घरमालकाला बिनमजुरीने करून दिली, चाचांच्या मालात होईल तेवढी भर घातली; पण बुडालेली यात्रा कोण भरून देणार?

तेव्हापासून मी वायरची जाडी पाहिल्याशिवाय एम.सी.बी.चा आकडा वाढवत नाही. ग्राहक दुसऱ्याकडे जातो म्हणाला तर जाऊ देतो. दोन-चार गेलेही.

बोर्ड बदलायची वेळ आली हे ओळखायचे कसे? वर्षे मोजून नव्हे. तीस वर्षांचा बोर्ड भार कमी असेल तर ठीक असू शकतो आणि दहा वर्षांचाही कामातून जाऊ शकतो. नाकाचा आणि हाताचा उपयोग करावा. रात्री भार चालू असताना बोर्डाच्या झाकणावर हाताची पालथी बाजू ठेवून पाहा. कोमटपेक्षा जास्त लागले तर आत जोड सैल आहे. मासळी जळल्यासारखा वास, स्विचभोवती तपकिरी डाग, बारीक गुणगुण, गिझर लावताच दिवे मंद होणे, या सगळ्या गोष्टी तेच सांगतात. लाकडी फळीला वाळवी लागली असेल, किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी साधी तांब्याची तार पिळून घातली असेल, तर विचार करीत बसू नये. खरी फ्यूज वायरसुद्धा आपल्या आकड्यावर लगेच वितळत नाही, ५ अँपिअरची वायर ९-१० अँपिअरपर्यंत तग धरते. तिच्या जागी पिळलेली तार म्हणजे फ्यूज नसल्यातच जमा.

आणखी एक गोष्ट, जी पाहिल्यावर मी तरी बोर्ड ताबडतोब बदलायला सांगतो. जुन्या लोखंडी मेन स्विचांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो, पण वायरमध्ये करंट तसाच असतो. लाईट गेली समजून मुलगा होल्डरला हात लावतो. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवू नये असे जुन्या १९५६ च्या विद्युत नियमांतही होते. तरी असे स्विच आजही भिंतींवर दिसतात.

हे झाले कुठल्याही गावाचे. डोंगराची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे अर्थिंगचा प्रश्न आहे. खाली खडक, वर माती थोडी. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ओला असतो तेव्हा ठीक असतो, आणि चैत्रात कोरडा ठणठणीत पडतो. म्हणजे भार सर्वांत जास्त तेव्हाच अर्थिंग सर्वांत दुबळे. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम भरला. गिझरच्या पत्र्यात करंट उतरला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ ची एम.सी.बी. साडेअकराला पडत नाही. पत्रा जिवंत राहतो आणि आंघोळीला आलेला माणूस ओल्या हाताने नळ धरतो. मोठ्या आकड्याची चांगली कंपनीची एम.सी.बी. आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण शॉकपासून वाचवणे हे तिचे कामच नाही.

ते काम आर.सी.सी.बी.चे. जुने लोक तिला ई.एल.सी.बी. म्हणतात. ती ३० मिलिअँपिअरची घ्यावी. म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी तीन भाग करंट जरी भलत्या वाटेने गेला तरी सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत ती लाईन तोडते. खडकाळ जागेत बोर्ड बदलण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच आहे, कारण जुन्या लाकडी बोर्डावर ती नीट बसवायला जागाच नसते. मात्र आर.सी.सी.बी. जादा भार रोखत नाही, त्यामुळे तिच्याबरोबर एम.सी.बी. लागतातच. आणि ती आली म्हणून अर्थिंगचा खड्डा सोडून देऊ नये.

तक्रार अशी येते की पावसाळ्यात ही सारखी पडते. डोंगरावर धुके भिंतीत शिरते, त्यात यात्रेचा गुलाल. ती बारीक पूड स्विचबोर्डाच्या फटींतून आत जाते, ओल धरते, आणि मग गळती सुरू होते. आर.सी.सी.बी. खरे तेच सांगत असते. लोक काय करतात, तिला वगळून सरळ वायर जोडतात. त्यापेक्षा यात्रा संपली की मेन बंद करून बोर्ड कोरड्या ब्रशने झाडून घ्यावेत, बाहेरच्या बाजूचे स्विच झाकणाचे घ्यावेत, आणि खालच्या दुकानाला एक व वरच्या घराला एक अशा दोन आर.सी.सी.बी. लावाव्यात. म्हणजे एकाची गळती दुसऱ्याचा फ्रीजर बंद पाडत नाही.

नवा बोर्ड करताना लाईनी मोकळ्या ओढाव्यात. भारतीय मानक ब्युरोच्या संहितेत दिव्यांच्या एका लाईनीवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, आणि पॉवरच्या लाईनीवर दोन पॉइंट किंवा ३००० वॅट अशी मर्यादा आहे. दिव्यांना १.५ ची तांब्याची वायर व ६ किंवा १० ची एम.सी.बी., पॉवरला २.५ व १६, आणि प्रत्येक गिझरला स्वतंत्र लाईन. दोन-चार जागा रिकाम्या ठेवाव्यात, पुढच्या वर्षी काहीतरी वाढतेच. आठ जागांचा डी.बी., आर.सी.सी.बी. आणि एम.सी.बी. मजुरीसह माझ्या हिशेबाने सात-आठ हजारांच्या आसपास जातात. वायर बदलायची झाल्यास तो खर्च वेगळा. एम.सी.बी.वर आय.एस.आय.चा शिक्का सक्तीचा आहे, तो पाहूनच घ्यावी. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणारी एम.सी.बी. म्हणजे नुसता स्विच असू शकतो.

आता माझ्या वायरमन बंधूंना थोडे कडू. प्रत्येक ठिकाणी नवा बोर्ड विकू नका. एखादी एम.सी.बी. पडते तर आधी स्क्रू आवळून पाहा, यंत्र काढून पाहा. शंभर रुपयांच्या दुरुस्तीला हजारांचे काम सांगणारे आपल्यात आहेत, आणि म्हणूनच आपण खरे सांगतो तेव्हा ग्राहकाला ते खोटे वाटते. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करावे. आय.टी.आय.चा तारतंत्रीचा कोर्स आहे, मुलांना तिकडे घाला. काम झाल्यावर ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि भार वाढला असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायला तो लागतोच. घरगुती मीटरवर दुकान चालवणाऱ्यांनी तो विषयही तेव्हाच मिटवावा. २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली आकारणी आली तर दुप्पट दराने येते.

काम केव्हा काढावे? यात्रेच्या आठवड्यात तर मुळीच नाही. दिवाळी झाल्यावर आणि माघातले रविवारचे खेटे सुरू होण्याआधी डोंगरावर थोडी उसंत असते, तेव्हा बोर्ड बदलावा. अर्थिंग मात्र पुन्हा एकदा फाल्गुनात, माती सुकल्यावर मोजून घ्यावे. पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवतो.

त्या बांगडीवाल्या चाचांचा गाळा अजून त्याच जिन्याखाली आहे. आता त्यांचा स्वतःचा छोटा डी.बी. आहे. आर.सी.सी.बी.वर चाचणीची एक छोटी कळ असते, ती महिन्यातून एकदा दाबून पाहायची असते. दाबल्यावर लाईन पडली नाही तर आर.सी.सी.बी. बदलायची. चाचा महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला दुकान बंद करताना ती दाबतात. मागच्या खेपेला मी वर गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर दाबून दाखवली. वरच्या मजल्यावरचे मामा ती दाबतात का, हे विचारायचे राहून गेले. येत्या माघाच्या आधी विचारणार आहे.