वाया गेलेला पाव

आमच्या घरात अंडे आहे, पण ते गॅलरीत. आई गावाहून आमच्याकडे कायमची राहायला आली, त्याच आठवड्यात सौ.ने काही न बोलता एक जुना तवा, एक वाडगा आणि विजेची शेगडी गॅलरीत नेऊन मांडली. आईने 'घरात आणू नका' असे कधी म्हटले नाही. पण परिणाम असा, की दर रविवारी आमची कन्या गॅलरीत उभ्याने फ्रेंच टोस्ट खाणार, आम्ही उभयता तिच्या दिमतीला, आणि आत आई एकटी पोहे चिवडत बसलेली. हा देखावा मला फार दिवस खुपत होता.

मास्तर माणूस तव्यापाशी काय दिवे लावणार? तो आधी पुस्तकांत शिरतो. या टोस्टाला खुद्द फ्रान्समध्ये 'वाया गेलेला पाव' म्हणतात आणि जर्मनीत 'गरीब सरदार'. पण मी हरखलो तो अ‍ॅपिशियसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाकग्रंथापाशी. पाव दुधात भिजवा, तळा, वर मध ओता, कृती संपली. अंड्याचे नावही नाही!

मात्र नुसत्या दुधाने पाव लिबलिबीत होतो. अंडे तव्यावर थिजते आणि पावाला धरून ठेवते. ते काम कोणी करायचे? तोड फडताळातच होती: कस्टर्ड पावडर. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ साली अंड्यावाचूनचे कस्टर्ड काढले, कारण त्याच्या बायकोला अंडे सोसत नसे. या पावडरीत मुख्यतः मक्याचे पीठ. ते तापले की फुगते आणि दूध घट्ट होते.

रविवारी मी स्वतः ओट्याशी उभा राहिलो. एक कप दूध, दोन चमचे पावडर, दोन चमचे साखर. दूध गारच हवे. गरम दुधात गुठळ्या होतात, हे मी पहिला कप मोरीत ओतून शिकलो. पीठ तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळायचे. कालच्या पावाचे चार काप (ताजा पाव दुधात विरतो) बुडवायचे, लगेच उचलायचे आणि मंद आचेवर तुपात बदामी करायचे.

तो पिवळा रंग पाहून आई दारातच थबकली. मी डबा पुढे केला. तिने चष्मा लावला, हिरवा ठिपका पाहिला आणि मग बारीक अक्षर न् अक्षर वाचले. मी उत्तरपत्रिकासुद्धा इतक्या नेकीने तपासत नाही. मग खुर्ची ओढून ती नातीशेजारी बसली.

"अरे, हा तर आपला दूधपाव," अर्धा काप संपल्यावर ती म्हणाली. "तापातून उठलास की तुला द्यायची. तेव्हा असा तळून दिला असता, तर भोकाड पसरलं नसतंस."

"पण आजी, अंड्याचा याहून छान लागतो," कन्या बोलून गेली. सौ.ने डोळे वटारले.

"लागत असेल," आई म्हणाली. "पण गॅलरीत ऊन फार असतं गं. वाढ मला आणखी एक."